नाव तेच, तरी ‘ॲक्सेस डिनाइड’
विंडोज नव्याने टाकल्यावर जुन्या डिस्कवरील आपलेच फोटो उघडताना ‘ॲक्सेस डिनाइड’ असा संदेश आला, तर पूर्वीच्याच नावाने व पासवर्डने खाते उघडले की काम होते, हा वर्षानुवर्षे चालत आलेला समज चुकीचा आहे. एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवण्याची नेहमीची पद्धत) डिस्कवर फाइलची मालकी नावावर नव्हे, तर ‘एस-१-५-२१’ने सुरू होणाऱ्या सुरक्षा-क्रमांकावर नोंदलेली असते आणि नव्या खात्याला, नाव तेच असले तरी, क्रमांक नवा मिळतो. फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’ व तेथून ‘ॲडव्हान्स्ड’ येथे जाऊन ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने मालक बदलावा आणि मग परवानगी द्यावी. डिस्क फॉरमॅट करण्याचा, म्हणजे ती पुसून टाकण्याचा, सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. फाइल ईएफएसने (विंडोजमधील फाइल सांकेतिक रूपात कुलूपबंद करणाऱ्या सोयीने) एन्क्रिप्ट केलेली असेल, तर मात्र जुन्या खात्याचे डिजिटल प्रमाणपत्र, ते कुलूप उघडणाऱ्या खासगी किल्लीसह, जपलेले असावे लागते.