दुडकी की रेवाल: कारवानाची चाल आणि दात तपासताना

लातूर-नांदेडकडे कारवान जातीचा कुत्रा घ्यायचा म्हटलं की लोक आधी त्याला पळवून बघतात. भरधाव पळताना तो देखणा दिसणारच, पण त्या वेगात पायातला दोष सापडत नाही. तो सापडतो दुडक्या चालीत, आणि गल्लत होते ती तिथेच. तेवढ्याच वेगाची आणखी एक चाल कुत्रा चालतो. घोडेवाले तिला रेवाल म्हणतात. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोड्यांचं आणि कुत्र्यांचं दोन्ही प्रदर्शनं भरतात. घोड्याची रेवाल नावाजतात म्हणून कुत्र्याचीही चांगली, असं धरू नये.

दुडकीत पायांची तिरपी जोडी चालते. उजवा पुढचा आणि डावा मागचा पाय एकदम उचलतो, एकदम टेकतो, मग दुसरी जोडी. रेवालीत एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे जातात. ठेका दोन्हींत दोनाचाच, त्यामुळे कानाला फरक लागत नाही. पक्की खूण अशी: बाजूला उभं राहून फक्त आपल्याकडच्या दोन पायांमधलं अंतर बघा. दुडकीत ते पाय पोटाखाली जवळ येतात आणि लगेच लांब जातात. रेवालीत अंतर जवळजवळ तेवढंच राहतं. समोरून पाहिलं तर रेवालीत अंग डावी-उजवीकडे डुलतं. तरी नजर ठरत नसेल तर मोबाइल कुत्र्याच्या कोपराच्या उंचीला धरून दहा-पंधरा पावलांचा व्हिडिओ काढा आणि सावकाश गतीत बघा.

दुडकीचा आग्रह कशासाठी? तिच्यात दोन्ही बाजूंवर भार सारखा येतो, म्हणून दुखरा पाय लपत नाही. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला टेकताना खाली येतं. मागचा दुखत असेल तर तो टेकताना त्या बाजूचं ढुंगण वर उचललं जातं. रेवालीच्या डुलण्यात हे सगळं बुडून जातं.

मात्र रेवाल दिसली की लगेच कुत्रा नापास करणं हाही अन्यायच. बऱ्याचदा चूक दोरी धरणाऱ्याची असते. 27-28 इंच उंचीच्या नरासोबत माणूस भराभर चालतो, तो वेग कुत्र्याच्या चालण्याला जास्त आणि दुडकीला कमी पडतो. मधल्या वेगात तो रेवाल धरतो. दोरी ताणून डोकं वर ओढलं तरी तेच. अशा वेळी थांबा, दोरी सैल सोडा आणि उभ्या जागेवरून थेट हलक्या पळतीने निघा. जागा सपाट, मुरमाची घ्या. ओल्या काळ्या रानात पंजाला चिखलाचे गोळे धरतात आणि चाल बिघडते. तुरीच्या धसकटात तर बघूच नका. आधी बोटांच्या बेचक्यात काटा-कुसळ आहे का ते चाचपा. थकलेला, जाड झालेला किंवा अंगापेक्षा पाय लांब वाढलेला सहा-आठ महिन्यांचा पोरगा कुत्राही रेवाल चालतो. त्याचा निकाल वर्षाचा झाल्यावर लावा.

आता तोंड उघडा. मोठ्या कुत्र्याला 42 दात: वर 20, खाली 22. वरचे पुढचे दात खालच्यांना घासून किंचित पुढे बसले की चावा बरोबर. पण चालीच्या दृष्टीने बघायची ती सुळ्यांची मागची बाजू. ती घासून सपाट झाली असेल किंवा खाच पडली असेल, तर कुत्रा जाळी नाहीतर गज चावत बसतो, म्हणजे बहुधा दिवसभर कोंडलेला असतो. अशा कुत्र्याची पाठ आणि मांड्या कच्च्या राहतात आणि तो रेवाल धरतो. तिथे दोष हाडाचा नसून कोंडण्याचा असू शकतो. झिजलेला आणि तुटलेला दात मात्र एक समजू नका. झिजलेल्या दाताच्या मधोमध तपकिरी ठिपका असतो, तो कडक आणि गुळगुळीत. तुटलेल्या दातात लाल किंवा काळं भोक दिसलं तर आतली नस उघडी पडली आहे. ते काम डॉक्टरांचं.

कोंडून कच्चा राहिलेला कुत्रा सुधारतो. वर्षावरच्या कुत्र्याला रोज पाच-दहा मिनिटं दुडकी, हळूहळू वाढवत वीस मिनिटांपर्यंत. शिवाय पाच-सहा बांबू जमिनीवर आडवे मांडा, दोन बांबूंत कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीएवढं अंतर, आणि त्यावरून दुडक्या चालीने न्या. बांबू ओलांडताना रेवाल जमत नाही, पाय आपोआप तिरपी जोडी धरतात. आधी बांबू जमिनीलगतच ठेवा. उंच केले की कुत्रा उड्या मारत जातो आणि सगळी मेहनत वाया जाते.

तीन-चार आठवडे हे करून, विश्रांतीनंतर, दोरी सोडल्यावरही रेवालच राहिली, किंवा तो ओट्यावर चढायला कचरू लागला, तर कंबर आणि मणक्याचा एक्स-रे काढायला हवा. उदगीर आणि परभणी दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना मुरमावर काढलेला व्हिडिओ सोबत न्या, कारण दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर कारवान दुडकत नाही.