थेंब बाहेर, पाणी आत

आमच्या कोकणातल्या घराच्या अंगणात १९९७ सालची एक छोटी गाडी उभी असते. उभीच असते म्हणायचं, कारण मे महिना आणि गणपती सोडले तर तिला रस्ता फारसा दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांना मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसली. गंमत अशी, की गाडी रोज बाजारात न्यायला लागलं की ओल नाहीशी व्हायची आणि आठवडाभर उभी राहिली की टायरवर पुन्हा ओघळ. गॅरेजवाल्याने बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल भरून दिलं आणि सांगितलं, "काका, फिरवत राहा, आपोआप थांबेल." त्याचं निरीक्षण अचूक होतं. सल्ला मात्र जिवावर बेतण्याजोगा होता. ब्रेक दाबल्यावर न गळणारी आणि निवांत उभी असताना गळणारी ही कसली गळती, याचा उलगडा करायला आम्हाला मागच्या चाकाचा ड्रम, म्हणजे ब्रेक झाकणारं गोल भांडं, उघडावं लागलं.

आधी एक खात्री करून घ्यायची असते. जुन्या गाडीखाली काय काय पडत नाही? इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, बॅटरीचं पाणी, सगळ्यांचे डाग जमिनीवर सारखेच काळपट दिसतात. गाडीखाली रात्री जाड पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळी पडलेला ओला थेंब बोटाने उचलून वाटीभर पाण्यात सोडावा. इंजिन ऑइल असेल तर त्याचा रंगीत तवंग वर तरंगेल. ब्रेक ऑइल असेल तर ते पाण्यात सरबतासारखं मिसळून जाईल. आपण सगळे त्याला ऑइल म्हणतो, डबीवरही कधी कधी तसंच लिहिलेलं असतं, पण ते तेल नव्हेच. नेहमीच्या गाड्यांतलं ब्रेक ऑइल ग्लायकॉल इथर नावाच्या रसायनांचं असतं. त्यांच्या रेणूंमध्ये ऑक्सिजनचे अणू जागोजागी बसलेले असतात आणि पाण्याचे रेणू त्यांना हात धरल्यासारखे चिकटतात. हा पाण्याशी असलेला दोस्ताना पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे. (हे द्रव रंगही खातं. डबी भरताना बॉनेटच्या कडेला सांडलं तर कापडाने नुसतं पुसू नये, लगेच भरपूर पाणी ओतावं.)

डबीतली पातळी कमी झाली म्हणजे गळतीच, असंही नाही. ब्रेक पॅड झिजले की त्यांना ढकलणारे पिस्टन थोडे बाहेर येऊन राहतात, त्यांच्या मागची वाढलेली जागा भरायला डबीतलंच द्रव जातं. वर्षभरात थोडी उतरलेली पातळी ही बहुतेक वेळा झिजेची खूण असते. पण महिन्याभरात रेघ खाली गेली असेल, किंवा डबी भरल्यावर ती पुन्हा उतरत असेल, तर चारही चाकं तपासल्याशिवाय गाडी हलवू नये.

आता ब्रेकच्या पायाखाली काय घडतं ते बघू. समजा पेडलवर वीस किलोचा भार दिला. पेडल ही तरफ असते, साधारण पाचपट ताकद वाढवणारी, म्हणजे मास्टर सिलेंडरच्या, पेडलच्या जोराने द्रव ढकलणाऱ्या मुख्य नळकांड्याच्या, दांड्यावर शंभर किलो पडले. सिलेंडरचा व्यास २० मिलिमीटर धरला तर पिस्टनचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर येतं आणि द्रवातला दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला जवळपास ३२ किलो. टायरमधल्या हवेच्या पंधरापट. सतराव्या शतकात ब्लेझ पास्कलने दाखवून दिलं होतं, की बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. म्हणून तोच दाब पुढच्या चाकातल्या ४८ मिलिमीटरच्या पिस्टनवर पडला की त्याची ढकल पावणेसहाशे किलोच्या घरात जाते. हे सगळं करकचून ब्रेक न दाबता. घाबरून पाय आपटला तर दाब याच्या दुप्पट-तिप्पट सहज होतो.

एवढा दाब अडवून कोण धरतं? एक रबराची वाटी. रॉकेलच्या स्टोव्हचा पंप ज्यांनी मारला आहे त्यांना ही वाटी सांगावी लागणार नाही. पंपाच्या दांड्याच्या टोकाला चामड्याचा वॉशर असायचा, वाटीसारखा, तोंड पुढे केलेला. दांडा आत दाबला की हवा वाटीच्या आत घुसून तिचे ओठ नळीच्या भिंतीवर दाबायची. दाब जितका जास्त, तितके ओठ घट्ट. वॉशर वाळला की पंप पोकळ चालायचा आणि आजी त्यावर तेलाचा थेंब सोडून तो मऊ करायची. ब्रेकच्या सिलेंडरमधला रबरी वॉशर नेमका याच युक्तीने काम करतो.

बाबांच्या गाडीचं कोडं इथे सुटतं. ब्रेक दाबला की दाबच वॉशरच्या ओठांना भिंतीवर चिकटवतो, म्हणून झिजलेला वॉशरही तेवढ्यापुरता इमानदार राहतो. गाडी उभी असताना दाब शून्याच्या जवळ. मग ओठ फक्त स्वतःच्या लवचिकपणावर टेकलेले असतात, आणि पंचवीस वर्षांच्या रबरात तो उरलेला नसतो. डबी वर, चाक खाली; द्रव हळूहळू पाझरतं. म्हणजे उभ्या गाडीची ही गळती किरकोळ नव्हे. वॉशरचा जीव संपत आल्याची ती आगाऊ सूचना असते, आणि गाडी फिरवून ती बंद पाडणं म्हणजे धुराचा वास नको म्हणून खिडकी उघडून बसणं.

या वाटीने पहिल्या जमान्यातल्या अभियंत्यांनाही छळलं आहे. अमेरिकेत माल्कम लाॅकहीडने द्रवावर चालणारे ब्रेक बनवले आणि १९२१ मध्ये ड्यूझेनबर्ग कंपनीने आपल्या गाडीच्या चारही चाकांना ते बसवले. त्याच वर्षी ड्यूझेनबर्गची शर्यतीची गाडी असेच ब्रेक घेऊन फ्रेंच ग्रां प्री जिंकून आली. सुरुवातीला वॉशर चामड्याचे होते आणि गळतीची कटकट कायमची होती. १९२४ मध्ये क्रायस्लरने सुधारणा करून रबरी वाट्या वापरल्या, तेव्हा कुठे ही पद्धत सर्वसामान्य गाडीच्या लायकीची झाली. तरी फोर्डने १९३९ पर्यंत आपल्या गाड्यांना ही पद्धत शिवू दिली नाही. त्या जुन्या काळात ब्रेकमध्ये चक्क एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण असायचं. एरंडेल निवडण्याचं कारण साधं: खनिज तेलात रबर फुगतं, एरंडेलात फारसं नाही.

तो फुगण्याचा धडा आजही तितकाच लागू आहे. ब्रेक ऑइल संपलं म्हणून 'आज चालवून घेऊ' म्हणत डबीत इंजिन ऑइल ओतणारे महाभाग असतात. त्यांनी एवढाच प्रयोग करावा. जुना काढलेला वॉशर कापून एक अर्धा इंजिन ऑइलमध्ये आणि एक ब्रेक ऑइलमध्ये दोन-तीन दिवस बुडवून ठेवावा. पहिला फुगून लिबलिबीत झालेला दिसेल. गाडीत तो सिलेंडरमध्ये अडकतो, ब्रेक धरूनच ठेवतो आणि मग चारही चाकांची, मास्टर सिलेंडरची, होजपाइपची सगळी रबरं फेकावी लागतात. सिलेंडर पेट्रोलने किंवा रॉकेलने धुणंही याच कारणासाठी टाळायचं.

पण वॉशर मुळात का बिघडला? नुसत्या वयाने नाही. आम्ही ड्रम काढला, व्हील सिलेंडरवरची (चाकातल्या छोट्या सिलेंडरवरची) रबरी टोपी नखाने उचलली, आत चहाच्या रंगाचं द्रव साचलेलं होतं. पिस्टन बाहेर काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं, तर आरशासारख्या असायला हव्या त्या भिंतीवर तळाच्या बाजूला गंजाचे बारीक खड्डे. गंज म्हणजे पाणी. दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलो सहज झेलणाऱ्या बंद नळीत पाणी आलं कुठून?

हवेतून. डबीच्या झाकणाला श्वास घ्यायला बारीक छिद्र असतं आणि रबरी होजपाइप दाबाला पुरा पडला तरी पाण्याच्या एकेका रेणूला आडवा येत नाही. आत पाण्याचा भुकेला द्रव बसलेला. कोकणातला पावसाळा, खारी हवा आणि चार-चार वर्षं न बदललेलं ब्रेक ऑइल एकत्र आले की रोज थोडं थोडं पाणी आत जात राहतं. ते गंज चढवतं, गंजाचा खडबडीतपणा वॉशरचे ओठ कानशीसारखा खरवडतो, आणि मग एक दिवस टायरवर थेंब दिसतो. आपण गळती त्या दिवसापासून मोजतो. ती सुरू झालेली असते आत पाणी शिरलं तेव्हा.

पाण्याचा दुसरा धोका घाटात समोर येतो. नऊशे किलोची भरलेली गाडी सहाशे मीटर उंचीवरून नुसत्या ब्रेकवर उतरवली, तर जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते तेवढीत जवळपास दोन लिटर पाण्याची पूर्ण वाफ होईल. डॉट ३ प्रकारचं नवं ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही हद्द १४० अंशांपर्यंत घसरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. सिलेंडरजवळ द्रव उकळून वाफ झाली की पेडल स्पंजासारखं खाली जातं, कारण वाफ दाबली जाते आणि द्रव दाबलं जात नाही. आंबोली उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला गाडी धरू द्या, असं जुने ड्रायव्हर सांगतात ते यासाठीच.

दुरुस्तीकडे वळलो तेव्हा गॅरेजमध्ये पहिला प्रस्ताव आला, 'किट टाकू'. किट म्हणजे नवे वॉशर, टोप्या, स्प्रिंग. भिंत गुळगुळीत असेल तर किट पुरतं. खड्डे असतील तर नवा वॉशर त्या कानशीवर काही महिन्यांत संपतो. पॉलिश पेपरने घासून खड्डे घालवण्याच्या नादात सिलेंडरचा व्यास वाढतो आणि ओठ सैल पडतात. आमच्या गाडीला अख्खा सिलेंडर बदलला, आणि एका बाजूचा गेला तर दुसरा त्याच वयाचा म्हणून उजवाही. ड्रमला आतून घासणारे, ऑइलने भिजलेले ब्रेक शूही टाकून दिले. ते भाजून, पेट्रोलने धुऊन परत बसवण्याची चाल मी पाहिली आहे. शूच्या अस्तरात मुरलेलं द्रव गरम झालं की पुन्हा पृष्ठभागावर येतं आणि गाडी ब्रेक लावताच एका बाजूला ओढते.

चाकं कोरडी असूनही पातळी उतरत असेल तर नजर पाइपांवर न्यावी. पोलादी पाइप बहुधा क्लिपखाली गंजतात, जिथे चिखल अडकून राहतो. इथे एक देशी जुगाड सर्रास चालतो: फ्रिज-एसीवाल्याकडची तांब्याची नळी आणून बसवायची. गंजत नाही, हाताने वाकते, स्वस्त पडते. पुण्याच्या तांबट आळीत कुणालाही विचारा, तांबं ठोकलं की कडक होतं; म्हणून तांबट भांडं मध्ये मध्ये तापवून पुन्हा मऊ करून घेतो. गाडीतली नळी रोज थरथरते, हळूहळू कडक होते, आणि तिला भट्टीत घालणारं कोणी नसतं. एके दिवशी ती जोडापाशी तडकते. बसवायचीच तर तांबं-निकेल मिश्रधातूची ब्रेकसाठीच बनवलेली नळी घ्यावी, तोंड दुहेरी दुमडून घेतलेली. एकेरी दुमडीला चीर पडते.

सगळ्यात लबाड गळती जमिनीवर दिसतच नाही. सिग्नलला पाय दाबून ठेवला आणि पेडल सावकाश खाली बुडत गेलं, चारही चाकं कोरडी, तर मास्टर सिलेंडरमधला वॉशर दाब आतल्या आत परत सोडतो आहे. मागच्या टोकाचा वॉशर गेला तर द्रव व्हॅक्यूम बूस्टरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यात, जमतं. इंजिन ते ओढून जाळतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. मालक मग इंजिन खोलायला निघतो.

शेवटचं काम सिलेंडर बदलताना आत शिरलेली हवा काढण्याचं. मिस्त्री 'एअर काढतो' म्हणतो, आणि ते कंटाळवाणं असल्याने घाईत उरकलं जातं. किती हवा चालते? वरच्याच आकड्यांनी बघा. एक घन सेंटिमीटर हवेचा बुडबुडा ३२ किलोंच्या दाबाखाली जवळपास नाहीसा होतो. तेवढी जागा भरायला मास्टर सिलेंडरचा पिस्टन तीन मिलिमीटर जास्त सरकतो आणि पाचपट तरफेमुळे पेडल दीड सेंटिमीटर जास्त खाली जातं. चमचाभर हवा पेडलला फरशीला टेकवायला पुरते. बाबा आत बसून पेडल दाबत होते, मी चाकाजवळचं निपल (हवा सोडायचा स्क्रू) सोडत-आवळत होतो, मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या द्रवात बुडवलेलं. "दाबा", "धरा", "सोडा", असं तासभर. मध्येच मी "सोडा" म्हणायच्या आधी बाबांनी पाय उचलला आणि त्या चाकाचं काम पहिल्यापासून करावं लागलं. दोष कुणाचा यावर घरात अजून एकमत नाही.

चारही चाकांतून आधी काळपट, मग पिवळसर, मग स्वच्छ सोनेरी द्रव येऊ लागलं. इंजिन चालू करून बाबांनी पूर्ण जोर लावून पेडल मिनिटभर धरून ठेवलं; ते तसूभर हललं नाही. जुनं ऑइल बाटलीत बंद करून गॅरेजच्या टाकाऊ ऑइलच्या पिंपात दिलं, माडाच्या मुळाशी ओतलं नाही. ते कुत्र्या-मांजरांना विषारी असतं. पुढे आठ दिवस गाडीखाली पुठ्ठा पसरलेला होता. नवव्या दिवशी त्यावर एक डाग पडला. वाटीतल्या पाण्यात टाकून पाहिला, तर तवंग वर तरंगला. इंजिन ऑइल होतं.