सेप्सिसजन्य हृत्स्नायुदौर्बल्य

जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन अवयवांचे कार्य बिघडू लागले, म्हणजे त्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. तिच्यात हृदयाच्या स्नायूची आकुंचनशक्ती काही दिवस मंदावते, त्या विकारास ही संज्ञा आहे. त्याची सर्वमान्य व्याख्या अद्याप झालेली नाही.

अमेरिकेतील बेथेस्डा येथे पार्कर, पॅरिलो व सहकाऱ्यांनी सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसमुळे रक्तदाब धोकादायकरीत्या घसरलेल्या, २० रुग्णांची किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने वारंवार तपासणी करून १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्या रुग्णांत डाव्या निलयाचे (शरीराकडे रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचे) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्यास बाहेर पडणाऱ्या रक्ताचा अंश, ४० टक्क्यांखाली गेले होते. विशेष म्हणजे ही घट आणि निलयाचे प्रसरण वाचलेल्या रुग्णांतच ठळक होते, व सुमारे दहा दिवसांत दोन्ही पूर्ववत झाले.

कारणाबद्दल मतभेद आहेत. हृदयाला रक्त कमी पडत असावे, हा जुना तर्क १९८६ च्या सुमारास मागे पडला. कारण अशा रुग्णांत हृद्‌रोहिणींतील प्रवाह कमी झालेला नसून प्रसंगी वाढलेलाच आढळला. दुसरे मत रक्तात फिरणाऱ्या अवसादक, म्हणजे हृदयाचे कार्य मंदावणाऱ्या, घटकाचे. पॅरिलो यांच्या गटाने १९८५ मध्ये रुग्णांच्या रक्तद्रवाने उंदरांच्या हृदयपेशींचे आकुंचन मंदावते, असे दाखविले, आणि कुमार व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये त्याचे श्रेय टीएनएफ-अल्फा व इंटरल्यूकिन-१-बीटा या दाहकारक प्रथिनांच्या एकत्रित क्रियेस दिले. शरीरात तयार होणाऱ्या नाइट्रिक ऑक्साइड या वायूमुळे आकुंची तंतूंची कॅल्शियमविषयीची संवेदनशीलता घटते, हेही सिद्ध मानले जाते. तथापि त्याची निर्मिती रोखणाऱ्या औषधाच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मृत्यू वाढल्याने, सारा दोष त्या एकाच रेणूवर टाकणे धाडसाचे ठरेल. कॅल्शियमची पेशींतर्गत ने-आण, बीटा-ग्राहींचा (अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या संप्रेरकांचा संदेश घेणाऱ्या पेशींवरील रेणूंचा) मंद प्रतिसाद आणि तंतुकणिकांतील (पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या मायटोकाँड्रियांतील) बिघाड यांचाही वाटा दिसतो. शवविच्छेदनात पेशी फारशा मेलेल्या आढळत नाहीत. म्हणून विकार मुख्यतः कार्यात्मक आहे, हे मत अधिक पटते.

मापनातही अडचण आहे. रक्तवाहिन्या शिथिल असताना हृदयापुढील रोध कमी असतो, त्यामुळे दुबळा निलयही इकोकार्डिओग्राफीत (हृदयाच्या ध्वनिलहरी-तपासणीत) सशक्त भासतो. नॉरएपिनेफ्रिन या रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या औषधाने रक्तदाब वाढविल्यावर दुर्बलता उघड होते.

खास उपचार नाही. संसर्गावरील प्रतिजैविके, सलाइन व नॉरएपिनेफ्रिन देऊनही अवयवांचा रक्तपुरवठा अपुराच राहिल्यास डोब्युटामीन हे हृदयाचे आकुंचन वाढविणारे औषध दिले जाते. लेव्होसिमेंडान या तशाच दुसऱ्या औषधाचा लाभ २०१६ च्या चाचणीत दिसला नाही.