घड्याळावरचे ‘३० मीटर’ म्हणजे खोली नव्हे

‘३० मीटर लिहिलंय, म्हणजे ३० मीटर खोल पाण्यात चालतं’ हा समज जुना, आणि छापलेलं पाहता साहजिकही. पण तो आकडा दाबाचा: नव्या घड्याळावर, स्थिर स्थितीत, सुमारे ३ बार (बार हे दाबाचं एकक). ठोसेघरच्या पावसात ते टिकेल. कृष्णेत पोहायला १० बारचं, म्हणजे १०० मीटरचं हवं. वेळ लावायची बाजूची चावी बाहेर ओढलेली राहिली तर आकडा काहीही असो, पाणी शिरू शकतं.

तपासायचंय? कोमट पाण्याच्या डब्याच्या झाकणावर घड्याळ ठेवून ऊबदार करा, काचेवर गार पाण्याचा थेंब सोडा, मिनिटाने पुसा. काचेला आतून धुकं दिसलं, तर ओल आधीच आत आहे.

बिघडतं बहुधा सेल बदलताना: मागच्या झाकणाची, पाणी अडवणारी, चपटी झालेली जुनी रबरी रिंग तशीच परत बसते. नवी घालून प्रेशर टेस्ट मागा.