गाडी टिकते, नेटवर्क टिकत नाही

साताऱ्यात जुनी गाडी घेणारा माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, टायरची झीज पाहतो, आरसी बुक आणि विमा तपासतो. परंतु गाडीतला मोडेम, म्हणजे मोबाईल टॉवरशी संपर्क साधणारा भाग, कोणत्या पिढीच्या नेटवर्कवर चालतो, हे सहसा कोणी विचारत नाही. ह्युंदाई व्हेन्यू, एमजी हेक्टर यांसारख्या कनेक्टेड, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या, गाड्या २०१९ मध्ये भारतात आल्या आणि त्यांतल्या अनेक आता दुसऱ्या मालकाच्या हाती जात आहेत. त्यामुळे हा प्रश्न विचारायलाच हवा.

अशा गाडीत सिम आणि मोडेम कारखान्यातच बसवलेले असतात. अपघात होऊन एअरबॅग उघडली की मदत केंद्राला कळवणे, चोरीस गेलेल्या गाडीचा ठावठिकाणा सांगणे ही कामे त्यांच्यामार्फत होतात. मोडेम आणि टॉवर यांच्यातील संवादाची रीत मात्र पिढीगणिक बदलते. टूजीमध्ये एकाच वारंवारतेवर वेळेचे तुकडे पाडून प्रत्येक फोनला आपली पाळी मिळते. थ्रीजीमध्ये पाच मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सगळे एकाच वेळी बोलतात आणि प्रत्येकाचा संदेश त्याच्या सांकेतिक क्रमावरून वेगळा काढला जातो. फोरजीमध्ये पट्ट्याचे शेकडो अरुंद उपपट्टे करून त्यांवरून माहिती पाठवली जाते. केवळ थ्रीजीसाठी घडवलेल्या चिपला सॉफ्टवेअर अपडेट देऊन फोरजी शिकवता येत नाही, कारण हे काम प्रत्यक्ष सर्किटमध्येच बांधलेले असते. तेथे मोडेमच बदलावा लागतो.

वारंवारतेचे पट्टे मर्यादित असल्यामुळे मोबाईल कंपन्या जुनी सेवा बंद करून तीच जागा नव्या सेवेला देतात. अमेरिकेत २००८ मध्ये जुने ॲनालॉग मोबाईल जाळे गेले, तेव्हाच काही गाड्यांची आपत्कालीन सेवा बंद पडली होती. तरीही एटी अँड टी या तिथल्या मोबाईल कंपनीने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी थ्रीजी बंद केले, तेव्हा पुन्हा अनेक कंपन्यांच्या गाड्या मुक्या झाल्या. युरोपात ३१ मार्च २०१८ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना अपघाताची सूचना देणारी ई-कॉल यंत्रणा सक्तीची आहे. ती साध्या कॉलच्या आवाजातूनच १४० बाइटची माहिती पाठवते आणि त्यासाठी टूजी किंवा थ्रीजी लागते. कायद्याने बसवलेले सुरक्षा साधन नेटवर्कअभावी निरुपयोगी ठरू नये, म्हणून फोरजी-फाइव्हजीवर चालणाऱ्या ई-कॉलचा नवा नियम करावा लागला.

आपल्याकडे थ्रीजी आधी मावळले, जिओने तर ते कधी उभारलेच नाही. टूजी मात्र साध्या फोनमुळे आणि गाड्यांचा ठावठिकाणा सांगणाऱ्या असंख्य ट्रॅकरमुळे अजून जिवंत आहे. पाटणच्या किंवा महाबळेश्वरच्या डोंगराळ भागात फोरजीची रेंज सुटली, तर जुने मोडेम टूजीचाच आधार शोधते. उद्या टूजीही गेले आणि मोडेममध्ये फोरजीवरून कॉल करण्याची सोय नसेल, तर अशी गाडी डेटा पाठवू शकेल, पण अपघातग्रस्त माणसाला मदत केंद्राशी बोलता येणार नाही.

जीपीएसला याचा फटका बसत नाही, कारण ते उपग्रहांकडून संकेत केवळ घेते. फोन जोडून चालणारा नकाशाही टिकतो, कारण मालक फोन बदलत राहतो. माझ्या मते यातच उपायाची दिशा आहे: मोडेम बॅटरीसारखा बदलता येण्याजोगा असावा आणि सेवा किती वर्षे मिळेल, हे कंपनीने विक्रीच्या कागदावर लिहून द्यावे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते; त्या मानाने तीन-चार वर्षांची मोफत सेवा फारच तोकडी आहे.

तोवर जुनी गाडी घेताना ॲप चालू आहे का, वर्गणी नव्या मालकाच्या नावे होते का आणि आपत्कालीन बटण दाबल्यावर खरोखर कोणी उत्तर देते का, हे विक्रेत्यासमोरच पाहावे. मोडेम बंद पडला तरी ते बटण गाडीत तसेच राहते, आणि खंबाटकी घाटात अपघात झाल्यावर मागे बसलेला नातेवाईक विश्वासाने तेच दाबील. म्हणून सेवा बंद असल्यास बटणावर तशी चिठ्ठी चिकटवावी आणि फोनवरून ११२ लावायचा, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे.