नाट्यवर्ग वेगळा, गॅदरिंगची तालीम वेगळी

पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर नाट्यवर्ग घ्यायचा ठरला की गावातून पहिला प्रश्न येतो, "मंग, नाटक कोन्तं बसवता?" पालक विचारतात, शाळा समितीतले विचारतात. काहीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून वर्ग घेणारे सर-मॅडमही दुसऱ्याच आठवड्यात नाटुकल्यांचं पुस्तक उघडतात. तिथे नाट्यवर्ग संपला आणि तालीम सुरू झाली. नाटुकल्यात बोलायची कामं पाच-सहा. बाकीची मुलं झाडं, सैनिक नाहीतर गर्दी होतात आणि दिवाळीपर्यंत त्यांतली बरीच यायची थांबतात. मग "आमच्या पोट्ट्यांना नाटकाची आवडच नाही" असं ठरवलं जातं. हे साफ चूक आहे.

गॅदरिंगचं नाटक काय असतं ते सांगायला नको. स्वच्छता, व्यसनमुक्ती किंवा शिवराय हे विषय, महिनाभर पाठांतर, मंडपात एक उभा माइक आणि त्याच्यासमोर येऊन एकेकाने म्हटलेलं वाक्य. त्यात वाईट काही नाही. गाव जमतो, लेकरू मंचावर दिसतं, घरच्यांना अभिमान वाटतो. संवाद आधी रेकॉर्ड करून मुलांना नुसते ओठ हलवायला लावायची पद्धत मात्र बंदच व्हायला हवी. पहिलीतल्या मुलाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही तरी चालेल, पण तो त्याचा असू द्या.

साहित्य आणि वेळेचा फरक किरकोळ आहे. वर्गाला पडदा, मेकअप, भाड्याचे कपडे लागत नाहीत. शाळेचा व्हरांडा किंवा कडुनिंबाखालची झाडलेली जागा, दोन दुपट्टे, एक टोपली, एक काठी आणि इशाऱ्यासाठी डफडं पुरतं. पंधरा ते वीस मुलं, पन्नास मिनिटं, आठवड्यातून दोनदा. त्यातला एक वर्ग शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर ठेवा, कारण डिसेंबरात साडेपाचलाच अंधारू लागतं आणि लहान मुलांना दूरच्या वस्तीवर चालत जायचं असतं. दुपारची खिचडी केव्हाच जिरलेली असते. आधी मूठभर फुटाणे द्या, नाहीतर पहिली पंधरा मिनिटं वाया जातात. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी घटते, म्हणून प्रत्येक वर्ग त्याच दिवशी पूर्ण होईल असा आखा. तालमीत एक मूल आलं नाही की प्रवेश अडतो. वर्गाचं तसं अडता कामा नये.

खरा घोळ सूचनेत होतो, आणि तो जाणत्यांचाही होतो. पुस्तक बाजूला ठेवलं, मुलांना आयत्या वेळी सुचेल ते करायला सांगितलं, म्हणजे नाट्यवर्ग झाला असं वाटतं. पण पुढचं वाक्य असतं, "रडून दाखव." मग "अजून जोरात." मग सर स्वतःच रडून दाखवतात, "हे पाहा, असं." झाली पुन्हा तालीमच! मूल डोळ्यांवर मुठी फिरवतं, दुसरं मूलही तशाच मुठी फिरवतं, आणि वर्षभर वीस मुलं एकसारखी रडतात.

मुलाकडे भाव मागू नका, त्याला काम द्या. कामात तीन गोष्टी हव्यात: तू कोण, तुला काय हवंय, आणि आड काय येतंय. "तू बकऱ्या चारायला नेल्या होत्या. दिवस मावळला. मोजल्या तर एक कमी. घरी बाबा वाट पाहून राह्यला. शोध." आता मूल वाकून पाहतं, हाका मारतं, थांबून कानोसा घेतं. काळजी चेहऱ्यावर आपोआप उतरते, कारण ते शोधण्यात गुंतलेलं असतं. ब्रिटनमधले नाट्यशिक्षक ब्रायन वे यांनी १९६७ मध्ये हीच रेषा आखली होती: प्रयोगात नट आणि प्रेक्षक यांच्यातला संवाद महत्त्वाचा, तर मुलांच्या नाट्यात करणाऱ्याचा अनुभव महत्त्वाचा, प्रेक्षक असो वा नसो.

तिसरी ते पाचवीसाठी जोडीचं काम असं घ्या. नळ जायला थोडाच वेळ उरलाय, तोटी एक, रिकामे गुंड (पाणी भरायची भांडी) दोन. एकीच्या घरी पाहुणे आलेत, दुसरीची आजी तापाने फणफणलीय. नियम एकच: अंगाला हात लावायचा नाही. तो नियम सांगायचा राहिला की दोन मिनिटांत खरी झोंबाझोंबी होते. सगळ्या जोड्या एकाच वेळी खेळतात, बघणारं कोणी नाही, तीन मिनिटं. डफडं वाजलं की जागच्या जागी थांबायचं. खेळ चालू असताना तो न थांबवता बाजूने छोट्या सूचना द्या: "ती काय म्हणते ते ऐक", "गुंडाचं वजन दिसू दे". अमेरिकेच्या व्हायोला स्पोलिन यांनी मुलांसोबतच्या नाट्यखेळांतून ही पद्धत घडवली आणि लहान वर्गांसाठी तिच्याइतकी कामाची दुसरी पद्धत नाही. नंतर दोन-तीन जोड्यांनी करून दाखवायचं. बघणाऱ्यांना "कसं झालं?" विचारू नका, "छान" एवढंच उत्तर येतं. "तुम्हाला काय दिसलं? गुंड भरला हे कशावरून कळलं?" असं विचारा.

पहिली-दुसरीला हे जमत नाही. त्या वयात जोडीतली दोघंही आपापला वेगळा खेळ खेळतात. तिथे तुम्हीच पात्र व्हा: डोक्याला दुपट्टा गुंडाळा आणि वाट चुकलेले म्हातारे बाबा होऊन अख्ख्या वर्गाला रस्ता विचारा. दुपट्टा काढला की पुन्हा सर. ही खूण पक्की ठेवली नाही तर मुलं गोंधळतात.

वर्ग चाललाय की तालीम, हे ओळखायला मुलाचे डोळे पाहा. प्रवेशाच्या मध्येच ते तुमच्याकडे वळत असतील, तर ते मूल बरोबर की चूक याचा निकाल शोधतंय. जोडीदारावर असतील तर वर्ग चाललाय.

दुसरी खूण भाषेची. "माझी बकरी कुठे गेली?" असं सुधारून घेतलं की मूल पुढचं वाक्य मनात जुळवत बसतं आणि खेळ तुटतो. "माही बकरी पाह्यली का वो?" हेच बरोबर. वऱ्हाडी असो, झाडीबोली असो, मेळघाटात कोरकू असो, वर्गात घरची बोली चालायलाच हवी. खडी गंमत हे विदर्भातलं लोकनाट्य आपल्याच मातीतलं आहे. तिथले संवाद जागेवर सुचतात आणि गावच्या बोलीत येतात. गावात त्यातले जुने कलावंत असतील तर त्यांना एकदा वर्गाला बोलवा.

आता गॅदरिंगचं काय? नाटक जरूर करा, पण आधीचे चार आठवडेच त्याला द्या आणि "आजपासून तालीम" असं मुलांना स्पष्ट सांगा. वर्गात रंगलेले दोन-तीन प्रसंग घ्या, मुलं जे बोलली ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा, दहा मिनिटांच्या आत बसवा. इथे जागा ठरवणं, वाक्य पक्कं करणं, माइककडे तोंड ठेवायला शिकवणं हे सगळं योग्य आहे. गॅदरिंग झाल्यावरच्या पहिल्या वर्गात तोच प्रसंग भूमिका बदलून खेळायला लावा. पाठ झालेलं वाक्य आलं की डफडं वाजवा आणि नवी अडचण घाला: नळाची तोटीच हातात आली.