पट्टा कधीच सोडला नाही तर कुत्रा दुःखी राहतो का?

मैदान बुक करायला फोन येतो तेव्हा बऱ्याचदा पहिला प्रश्न रेटचा नसतोच. "आमचा फ्लॅटमध्येच असतो हो, कधी मोकळा सोडलाच नाही, त्याच्यावर अन्याय होतोय का?" असं विचारतात, आणि विचारताना आवाज जरा उतरलेला असतो. तो उतरलेला आवाज आम्हाला कळतो, कारण आम्ही दोघा बहीणभावांनी पण याच पुण्यात दुसऱ्या मजल्यावर कुत्री वाढवलीयेत. म्हणून हे पत्रक. आमचं काम कुंपण घातलेलं मैदान कुत्र्यांसाठी स्लॉटवर देण्याचं आहे, त्यामुळे "हो, मोकळं सोडायलाच पाहिजे" असं लिहिणं आमच्या सोयीचं झालं असतं, पण ते सगळ्या कुत्र्यांना लागू होत नाही, तर तसं लिहिणार नाही.

आधी तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यांकडे एक दिवस बघा. त्यांच्या गळ्यात पट्टा नाही, कोणी ओढत नाही, मनाला येईल तिकडे जाऊ शकतात. मग ती दिवसभर धावतात का? अजिबात नाही. पहाटे एक राऊंड मारतात, डेअरीच्या पायरीचा वास, रिक्षाच्या चाकाचा वास, कचऱ्याच्या डब्यापाशी जरा जास्त वेळ, मग गाडीखाली सावली बघून जे पडतात ते संध्याकाळपर्यंत. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांची दिनचर्या नोंदवून २०१४ मध्ये 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापली होती, त्यांनाही हेच दिसलं, की ही कुत्री एकंदरीत आळशी आणि मित्रासारखी वागणारी असतात. आम्हाला यातून जे समजलं ते असं की मोकळेपणातली मोठी गोष्ट धावणं नाहीये, कुठे थांबायचं, किती वेळ हुंगायचं, कोणाला भेटायचं आणि कोणाला टाळायचं हे स्वतः ठरवता येणं ही आहे. आणि यातलं बरंचसं पट्ट्यावर असतानाही देता येतं, आपण देत नाही इतकंच.

आपण कसं फिरवतो बघा ना. सकाळी ऑफिसची घाई, हातात मोबाईल, चार फुटी लीश, तो खांबापाशी थांबला की "चल रे चल", शी-शू झाली की लगेच लिफ्ट. वीस मिनिटं बाहेर होता, पण त्यातलं एक मिनिट तरी त्याच्या मर्जीचं होतं का? २०१९ मध्ये शार्लट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या दोघींनी एक प्रयोग छापला. घरातल्या कुत्र्यांचे दोन गट केले, एका गटाला दोन आठवडे वासावरून खाऊ शोधायचा खेळ दिला, दुसऱ्याला मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा सराव. आधी कुत्र्यांना शिकवलं होतं की या जागी ठेवलेल्या वाडग्यात खाऊ असतो आणि त्या जागी कधीच नसतो, मग वाडगा मधेच कुठेतरी ठेवायचा आणि कुत्रा किती पटकन जातो ते बघायचं. पटकन गेला म्हणजे त्याला वाटतंय की काहीतरी चांगलं मिळेल. वास घेणारा गट दोन आठवड्यांनी जास्त पटकन जायला लागला, शिस्तीत चालणाऱ्यांमध्ये तसा फरक पडला नाही. धावणं, मोकळं मैदान यातलं काहीच या प्रयोगात नव्हतं, नुसतं नाक होतं.

म्हणून आम्ही प्रत्येकाला पहिली गोष्ट हीच सांगतो आणि ती फुकट आहे: दिवसातली एक फेरी त्याची. तीन मीटरचा पट्टा घ्या, गळ्यातल्या बेल्टऐवजी हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीवरून बांधायच्या पट्ट्याला लावा, आणि तो नेईल तिकडे जा. एका झुडपापाशी पाच मिनिटं लागली तर लागू देत, किलोमीटर मोजू नका.

आता पट्ट्यावर काय देता येत नाही तेही सांगायला हवं. एक म्हणजे पूर्ण वेगाने पळणं. माणूस कितीही फिट असला तरी तरुण कुत्र्याच्या चौखूर धावण्याच्या आसपास पण जात नाही, आणि सायकलला बांधून पळवणं आम्ही कोणाला सांगत नाही, अंग भाजायला लागलं तरी तो बिचारा थांबू शकत नाही. दुसरं म्हणजे दुसऱ्या कुत्र्याला नीट भेटणं. मोकळी कुत्री एकमेकांकडे सरळ चालून जात नाहीत, जरा वळसा घालून येतात, बाजूने हुंगतात, नको वाटलं तर तोंड फिरवून निघून जातात. पट्टा ताणलेला असला की समोरासमोर छाती काढूनच जावं लागतं आणि पळायची वाट बंद, मग भुंकणं सुरू होतं, आपण अजून आवळतो, त्याला वाटतं काहीतरी भयंकर आहे नक्की. "आमचा फक्त पट्ट्यावर असताना भुंकतो" अशी तक्रार असणारी कितीतरी कुत्री मैदानात सोडल्यावर दोन मिनिटांत शांत झालेली आम्ही बघितलीयेत. सगळी होतात असं नाही, काहींना दुसरी कुत्री आवडतच नाहीत आणि तेही चालतं.

मुधोळ, म्हणजे आपल्याकडे कारवान म्हणतात तो, त्याच्यासाठी थोडं वेगळं. शिकारीसाठी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला कुत्रा, नजरेवर चालणारा, २००५ साली टपाल तिकिटावर पण आलेला. शांत असतो घरात, सोफ्यावर पडून राहतो, पण आठवड्यातून दोनदा तरी मोकळं पळायला मिळालं तर त्याचं अंग आणि डोकं दोन्ही जागेवर राहतं असा आमचा अनुभव. अडचण अशी की दूर काहीतरी हललं की त्याला तुमची हाक ऐकूच येत नाही, म्हणून त्याला धावायला पाहिजे जास्त आणि उघड्यावर सोडायचं मात्र कधीच नाही. त्याला कुंपण लागतंच. एक ते चार वर्षांच्या लॅब्राडोर, जर्मन शेफर्डलाही मोकळ्या जागेचा फायदा स्पष्ट दिसतो. बीगल सोडला की नाक खाली घालून निघतो आणि जगाला विसरतो, त्याला लांब दोरीवर ठेवलं तरी तितकाच खूश.

ही लांब दोरी म्हणजे लाँग लाइन, दहा मीटरची, हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावायची, गळ्याला कधीच नाही, कारण पळत येऊन दोरी संपली की मानेला हिसका बसतो. हातात गुंडाळू नका, बोटं सोलून निघतात. बटण दाबून लांब होणारा पट्टा याला पर्याय नाही, तो सतत थोडा ताणलेलाच असतो आणि कुत्रा ओढायलाच शिकतो. रिकामं मैदान आणि लाँग लाइन एवढ्यावर खूप कुत्र्यांचं भागतं, आमच्याकडे यायची गरज पण पडत नाही.

टेकडीवर सोडू का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. नका सोडू. मी स्वतः सोडला होता, आमचा इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा, तीन वर्षांचा, हाक मारली की येणारा. समोर मोर उडाला आणि हा गेला. दोन तास मी त्याचं नाव घेत फिरत होते, सापडला तेव्हा पायात बाभळीचा काटा आणि जीभ लोंबलेली. तो वाचला, पण त्या मोराचं काय झालं असतं हा विचार मला घरी आल्यावर आला. मोर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि टेकड्यांवर मोर, ससे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी यांना आधीच जागा उरलेली नाही. पावसाळ्यात घोणस, नाग, फुरसं असतात, कुत्रा नाक आधी घालतो म्हणून चावा तोंडावर बसतो. शहराच्या कडेला बिबट्या पण असतो आता. सोसायटीच्या आवारात, रस्त्यावर पट्टा हवाच, तुमचा कुत्रा कितीही गरीब असला तरी समोरच्या आजींना ते माहीत नसतं, आणि निष्काळजीपणामुळे कोणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा व्हायची शक्यता निर्माण झाली तर भारतीय न्याय संहितेत त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

गणपतीच्या आधी ढोल-ताशाचे सराव सुरू होतात तेव्हापासून दिवाळी संपेपर्यंत उघड्यावर एकदाही सोडू नका. आवाजाला घाबरून पळालेला कुत्रा बऱ्याचदा ओळखीच्या रस्त्याने पण परत येत नाही, तो फक्त आवाजापासून लांब जात राहतो. बेल्टवर फोन नंबर, शक्य असेल तर मायक्रोचिप.

बंगलेवाल्यांसाठी एक गोष्ट मनापासून लिहितेय. "आमच्याकडे काय, मोठं कंपाउंड आहे, दिवसभर मोकळाच असतो" असं म्हणतात, आणि त्या कुत्र्याला महिनोन्‌महिने गेटबाहेर नेलेलं नसतं. तेच चार कोपरे, तेच वास, गेटवर भुंकणं हीच काय ती करमणूक. तीन वेळा नीट फिरवलेला वन बीएचकेमधला कुत्रा त्याच्यापेक्षा सुखात असतो असं आमचं ठाम मत आहे. आणि दिवसभर साखळीला बांधून ठेवत असाल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ वाचा, कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा तिथे गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. दंड अगदीच किरकोळ आहे, पण साठ वर्षांपूर्वी सुद्धा हे कोणाला तरी लिहावंसं वाटलं.

मैदानाची गरज नसणारे पण आहेत. पग, बुलडॉग, शित्झू यांची नाकं चपटी, पळून अंग तापलं की धापा टाकून थंड होणं त्यांना नीट जमत नाही, एप्रिल-मेमध्ये तर आम्ही त्यांना सकाळी सातनंतर घेतच नाही. मोठ्या जातींची पिल्लं वर्ष-दीड वर्षाची होईपर्यंत हाडांची वाढ चालू असते, त्यांना बॉलमागे शंभर वेळा पळवून दमवू नका. नुकताच दत्तक घेतलेला घाबरट इंडी, त्याला आधी दोन-तीन महिने घरच ओळखू दे. आणि म्हातारे, त्यांना धावायची गरज नसते, पण मैदान आवडू शकतं. एक अकरा वर्षांची लॅब्राडोर येते आमच्याकडे, पहिल्यांदा आली तेव्हा पाऊण तास फक्त कुंपणाच्या कडेने हळूहळू हुंगत चालली, एकदाही धावली नाही. तिला घेऊन आलेले काका म्हणाले, पैसे वाया गेले बहुतेक. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन, रात्री एकदाही उठली नाही, सकाळी शेपटी हलवत दाराशी उभी होती. तेव्हापासून महिन्यातून दोनदा आणतात, ती अजूनही धावत नाही.

सोडायचं ठरवलंच तर आधी बोलावणं शिकवा. एक शब्द ठरवा आणि तो फक्त चांगल्यासाठी वापरा, उकडलेलं चिकन किंवा पनीर हातात ठेवून. ओरडायला, आंघोळीला, घरी न्यायला तो शब्द वापरला की संपलं, कुत्र्याला कळतं की "ये" म्हणजे मजा बंद. खेळात दहा वेळा बोलवा, खाऊ द्या, परत सोडा. उशिरा आला तरी रागवू नका, आला ना.

आमच्या मैदानाबद्दल थोडक्यात: एक एकर, सहा फुटी जाळी, दोन दारं एकापाठोपाठ म्हणजे एक उघडलं तरी कोणी निसटत नाही. एका स्लॉटला एकच कुटुंब, अनोळखी कुत्री एकत्र सोडत नाही. रेबीज, सेव्हन-इन-वन (सात आजारांची एकत्र लस) आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) यांच्या लसींची नोंद असलेलं पुस्तक आणा, हीटवर म्हणजे माजावर असलेल्या फीमेलला त्या दिवसांत आणू नका. पाणी आमच्याकडे असतं, वाडगा तुमचा. घरी गेल्यावर कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा, दरवेळी बघा, टिक फीव्हर फार वाईट. मोठा पाऊस असला की पाणी साचतं आणि उंदरांच्या लघवीतून लेप्टोची भीती असते, तेव्हा आम्ही मैदान बंद ठेवतो आणि पैसे परत करतो. पहिली भेट अर्ध्या तासाची, तिचे पैसे घेत नाही. त्या अर्ध्या तासात तो काय करतो ते बघून आम्ही सांगू की तुम्हाला आमची गरज आहे की नुसता तीन मीटरचा पट्टा पुरेल.